'ते आपल्याबद्दल बोलत नाहीयेत' : जपानमधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

एदोगावा, तोक्यो
11 जुलै 2025

जपानमध्ये राहणाऱ्या सर्व मराठी बंधुभगिनींना,

सप्रेम नमस्कार.

येत्या 20 जुलैला, रविवारी, जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक आहे. 3 तारखेला प्रचार सुरू झाला आणि तेव्हापासून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक वाक्य सारखं वाचायला मिळतंय : "ते आपल्याबद्दल बोलत नाहीयेत." कुणीतरी सान्सेइतो पक्षाच्या सभेचा व्हिडिओ टाकतं, त्यात 'जपानी फर्स्ट'ची, म्हणजे परदेशी लोकांआधी जपानी माणूस, अशी घोषणा असते. खाली लगेच चारपाच जण लिहितात की बरोबरच आहे त्यांचं, तोक्योशेजारच्या कावागुचीत तुर्कस्तानातून आलेल्या कुर्दांनी काय चालवलंय बघा, चिनी लोक फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवतात. आपण मात्र शिकलेली, कर भरणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी माणसं. मला हे वाक्य पटत नाही. एवढंच नाही, ते आपल्यालाच महागात पडेल असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे पत्र.

आधी निवडणूक नेमकी काय आहे ते सांगतो, कारण ती समजल्याशिवाय हा विषय अचानक एवढा का पेटला ते कळत नाही.

वरिष्ठ सभागृहात 248 जागा. सदस्यांची मुदत सहा वर्षांची, दर तीन वर्षांनी निम्म्या जागांची निवडणूक. यंदा तोक्योतली एक रिकामी जागा धरून 125 जागा. पंतप्रधान शिगेरू इशिबा यांचा एलडीपी (लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष), म्हणजे इथे सगळे ज्याला जिमिन्तो म्हणतात तो पक्ष, आणि त्यांचा जोडीदार कोमेइतो, यांच्याकडे निवडणुकीत नसलेल्या 75 जागा आहेत. बहुमताला 125 लागतात. म्हणून 50 जागा मिळवणं हे इशिबांनी स्वतःचं लक्ष्य ठरवलंय. ऐकायला सोपं वाटतं, पण गेल्या ऑक्टोबरात कनिष्ठ सभागृहात याच आघाडीला 465 पैकी 215 जागांवर थांबावं लागलं. पार्टीची तिकिटं विकून आलेले पैसे हिशेबाबाहेर ठेवल्याचं प्रकरण लोक विसरलेले नव्हते. तेव्हापासून हे अल्पमतातलं सरकार आहे आणि प्रत्येक गोष्टीसाठी त्याला विरोधकांच्या दारात जावं लागतं. मोठ्या आजारपणात रुग्णाने भरायच्या खर्चाची मर्यादा वाढवण्याचा बेत मार्चमध्ये गुंडाळावा लागला, त्यात याचाही वाटा होता. आता वरचं सभागृहही गेलं तर दोन्हीकडे बहुमत नाही.

आणि लोक चिडलेले आहेत. इथला 5 किलो तांदूळ मे महिन्यात सरासरी 4,200 येनच्या वर गेला होता, आदल्या वर्षीच्या दुप्पट. आपल्यापैकी कितीतरी घरांत रोजच्या वरणभाताला जपानी तांदूळच लागतो, कारण तो आपल्या इंद्रायणीसारखा मऊ होतो. तेव्हा ही झळ आपल्यालाही बसलेली आहे. त्याच महिन्यात कृषिमंत्री ताकू एतो म्हणाले की मी कधी तांदूळ विकत घेतलेलाच नाही, समर्थकच आणून देतात. तीन दिवसांत त्यांना जावं लागलं. त्यांच्या जागी आलेल्या शिंजिरो कोइझुमींनी सरकारी साठ्यातला जुना तांदूळ थेट दुकानदारांना दिला, तो 2,000 येनच्या आसपास मिळू लागला, त्यासाठी पहाटेपासून रांगा लागल्या. जपानमध्ये तांदळासाठी रांग! माझ्या इमारतीतल्या आजी, ज्यांनी युद्धानंतरचे दिवस पाहिलेत, त्या हे सांगताना गप्प झाल्या होत्या. त्यात भर म्हणून 7 तारखेला ट्रम्प यांचं पत्र आलं : 1 ऑगस्टपासून जपानी मालावर 25 टक्के आयातकर.

या सगळ्यावर पक्षांकडे काय उत्तर आहे? सत्ताधारी म्हणतात, माणशी 20,000 येन देऊ, मुलांना आणि रहिवासी कर माफ असलेल्यांना आणखी 20,000. विरोधक म्हणतात, उपभोग कर, म्हणजे खरेदीवर लागणारा कर, कमी करा. योशिहिको नोदांचा कॉन्स्टिट्यूशनल डेमोक्रॅटिक पक्ष खाद्यपदार्थांवरचा 8 टक्के कर वर्षभर शून्यावर आणायचा म्हणतो. निप्पोन इशिन दोन वर्षं म्हणतो. युइचिरो तामाकींच्या डेमोक्रॅटिक पार्टी फॉर द पीपलला, जिला इथे कोकुमिन म्हणतात, सरसकट 5 टक्के हवेत. रेइवा शिनसेनगुमीला करच नको. नोदांबद्दल इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 2012 मध्ये हेच नोदा पंतप्रधान असताना हा कर 5 वरून 10 टक्क्यांवर नेण्याचा कायदा त्यांनी प्रतिपक्षाशी करार करून मंजूर करून घेतला, स्वतःचा पक्ष फोडून घेतला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सत्ता गमावली. म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी, आजारपणासाठी पैसा कुठून आणायचा हा प्रश्न त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. इशिबाही आज तेच विचारतात. हा वाद खरा आहे, त्यात दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखं आहे, आणि 17 दिवसांचा प्रचार त्यावरच झाला असता तर जपानचं भलं झालं असतं.

पण महागाईचं उत्तर द्यायला आकडे लागतात. परदेशी माणसाकडे बोट दाखवायला काही लागत नाही.

सान्सेइतो हा पक्ष 2020 मधला. 2022 च्या निवडणुकीत त्यांना देशभरातून 17 लाखांहून अधिक मतं पडली आणि सोहेई कामिया हे एकटे निवडून आले. गेल्या महिन्यात, 22 जूनला, तोक्योच्या महानगर सभेत त्यांनी तीन जागा जिंकल्या. त्याच दिवशी एलडीपी 21 वर आली, आजवरची नीचांकी संख्या. तिथून हवा फिरली. आज बघा : एलडीपीच्या जाहीरनाम्यात 'अवैध परदेशी शून्य' आहे. कोकुमिनच्या आश्वासनांत परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या 'अवाजवी सवलतीं'चा फेरविचार आहे. आणि तीन दिवसांपूर्वी, 8 तारखेला, पंतप्रधानांनी परदेशी नागरिकांच्या प्रश्नांसाठी मंत्रिमंडळ सचिवालयात खास यंत्रणा उभारण्याचं जाहीर केलं. ऐन प्रचारात. एका छोट्या पक्षाच्या मागे मोठे पक्ष कसे ओढले जातात, ते आपण डोळ्यांनी पाहतोय.

निवडणुकीची पद्धतही याला हातभार लावते. तोक्योच्या मतदारसंघात यंदा सात जागा आहेत, पण मतदाराला मत एकच. त्यामुळे शंभरातल्या नव्वदांना तुमचा राग आला तरी चालतं, दहाबारा जण ठाम उभे राहिले की सातात नंबर लागतो. सगळ्यांना सांभाळून घेणारी भाषा 32 एकजागी मतदारसंघांत, गावाकडे, चालते. तोक्योत उलट, थोड्यांना पेटवणारी भाषा चालते. आपण राहतो तोक्योत.

गेल्या शनिवारी स्टेशनसमोर एका उमेदवाराचं भाषण ऐकत मी थांबलो होतो. पक्षाचं नाव घेत नाही. व्हॅनच्या टपावर उभा, नावाचा पट्टा छातीवर आडवा, हातात पांढरे मोजे, पस्तिशीतला असेल. तांदळाचं बोलला, पगाराचं बोलला, लोक माना डोलावत होते. मीही. मग म्हणाला की तुमच्या घामाचा पैसा परदेशी लोकांवर उधळला जातोय. टाळ्या झाल्या. फार मोठ्या नव्हत्या, पण टाळ्या वाजवणाऱ्यांत एक जण होता जो मला रोज सुपरमार्केटमध्ये बिल करून देतो. खाली एक मुलगी पत्रकं वाटत होती, कोपऱ्यात निवडणूक आयोगाचा छोटा शिक्का चिकटवलेली. माझ्यापर्यंत आली, माझ्याकडे पाहिलं, आणि मला ओलांडून मागच्या बाईंच्या हातात पत्रक दिलं. पत्रकांची संख्या कायद्याने ठरलेली असते, मला मत नाही, तिने कागद वाचवला असेल. तिला मी दोष देत नाही. पण त्या गर्दीत मी कोण आहे हे तिने अर्ध्या क्षणात ठरवलं, आणि ते ठरवताना माझ्या पगाराची पावती पाहिली नाही. व्हिसाही नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'ते आपल्याबद्दल नाही' हे किती खरं आहे याचं एक ताजं उदाहरण देतो. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी आणि राहण्याखाण्यासाठी पैसे देणारी 'स्प्रिंग' नावाची सरकारी योजना आहे. मार्चमध्ये संसदेत प्रश्न विचारला गेला तो चिनी विद्यार्थ्यांच्या संख्येवर. बातम्या झाल्या त्या चिनी विद्यार्थ्यांच्याच. आपल्या ग्रुपवर तेव्हाही कुणीतरी 'योग्यच' असं लिहिलं होतं. जूनच्या अखेरीस शिक्षण मंत्रालयाचा प्रस्ताव आला, त्यात चीनचं नावच नाही. राहण्याखाण्याची मदत फक्त जपानी नागरिकांना, असं आहे. म्हणजे पुण्याहून ओसाकाला किंवा सेन्दाइला येऊन प्रयोगशाळेत रात्र रात्र बसणारी मुलगीही त्यात आली. तक्रार एकाची, नियम सगळ्यांना. कायदा असाच लिहिला जातो, कारण नियमात 'चांगला परदेशी' आणि 'वाईट परदेशी' असे दोन रकाने नसतात.

ड्रायव्हिंग लायसन्सचंही तेच होणार आहे. भारतातलं लायसन्स इथलं करून घ्यायला आपल्यापैकी किती जण गेले असतील. ती दहा प्रश्नांची लेखी परीक्षा फारच सोपी आहे, पर्यटकसुद्धा हॉटेलच्या पत्त्यावर लायसन्स काढतात, ही तक्रार मला रास्त वाटते. पोलीस नियम कडक करणार आहेत, करावेत. पण ते आपल्यालाही लागू होतील आणि 'आम्ही वेगळे' असं खिडकीपाशी सांगून उपयोग नाही.

आणि अफवा तर कागद विचारतच नाही. आपण संध्याकाळी ज्या आराकावाच्या काठाने फिरायला जातो, त्याच नदीच्या वरच्या अंगाला, 1923 च्या सप्टेंबरात, कांतोच्या मोठ्या भूकंपानंतर, कोरियन लोकांनी विहिरींत विष टाकलं अशी हूल उठली. गावोगावच्या टोळ्यांनी, आणि काही ठिकाणी सैनिकांनीही, कोरियन माणसांना वेचून मारलं. चिनी मजूरही मारले गेले. तरी मला सर्वांत जास्त छळणारी घटना आहे ती चिबामधल्या फुकुदा गावची, 6 सप्टेंबरची. शिकोकू बेटावरच्या कागावाहून औषधं विकायला आलेला फिरत्या विक्रेत्यांचा एक जथा होता. बोलीचा हेल वेगळा, म्हणून गावकऱ्यांना संशय आला. नऊ जणांना मारलं, त्यात लहान मुलं होती, एक गरोदर बाई होती. ती सगळी जपानी माणसं होती. आजचं जपान 1923 चं नाही, हे मी जाणतो, आणि मला या देशाने दिलेल्या सुरक्षिततेबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. तरी पुढचा मोठा भूकंप तोक्योत येणार हे सरकारच सांगतं. त्या रात्री फोनवर काय फिरेल याची काळजी आजच करायला हवी. आज आपण ज्या क्लिप पुढे ढकलतोय, त्यांतूनच त्या रात्रीची हूल तयार होईल.

आपल्यातल्या कुणाला हे पटत नसेल तर एवढंच आठवा की 'बाहेरचे आले आणि आमचं घेऊन गेले' ही भाषा आपण मुंबईत, ठाण्यात, पुण्यात लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा आपण घरचे होतो. भूमिपुत्राच्या मनातली भीती आपल्याला माहीत आहे, ती सगळीच खोटी नसते हेही माहीत आहे. इथे आपण टेबलाच्या पलीकडे बसलोय, एवढाच फरक.

म्हणून जपानी माणसाच्या तक्रारी धुडकावून लावा असं मी म्हणत नाही. गेल्या वर्षी या देशात 6 लाख 86 हजार मुलं जन्माला आली, सात लाखांच्या खाली पहिल्यांदाच. परदेशी रहिवासी 37 लाख 68 हजारांवर गेले, त्यांतले आपण भारतीय 54 हजारांच्या जवळपास. एवढा बदल एका पिढीच्या डोळ्यांदेखत होतोय आणि त्याबद्दल कुठल्याच सरकारने लोकांशी मोकळेपणाने बोलणं केलेलं नाही. 'हे स्थलांतर धोरण नाही' असं म्हणत म्हणत माणसं आणली. त्यामुळे कचरा वर्गीकरणापासून शाळेतल्या भाषेपर्यंत सगळा भार त्या त्या वॉर्डावर पडला. पण गुन्हेगारी वाढल्याचा जो ओरडा चालू आहे, त्याला आधार नाही. गुन्ह्यांत पकडल्या गेलेल्या परदेशी नागरिकांची संख्या 2005 च्या सुमारास सर्वाधिक होती, आज ती त्यापेक्षा बरीच खाली आहे, आणि या काळात रहिवासी मात्र वाढलेत. ही माहिती ग्रुपवर कुणी टाकत नाही.

खरी अडचण जिथे आहे तिथे मात्र आपण स्वतः स्वच्छ असायला हवं. राष्ट्रीय आरोग्य विम्याचे हप्ते काही परदेशी रहिवासी भरत नाहीत, हे खरं आहे. कंपनीत नोकरी करणाऱ्यांचा विमा पगारातूनच कापला जातो, पण हॉटेलांत काम करणारे, स्वतंत्र काम करणारे, नोकरी सुटून दुसरी शोधणारे आपले लोक आहेत, त्यांना आलेलं हप्त्याच्या बिलाचं पाकीट न उघडता पडून राहतं. त्यांना वॉर्ड ऑफिसच्या खिडकीपर्यंत घेऊन जा, हप्ते पाडून मिळतात. दुसरी गोष्ट जुमिन्झेईची. हा रहिवासी कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर असतो आणि त्याची वसुली जूनपासून सुरू होते. 1 जानेवारीला इथे पत्ता होता म्हणजे देणं लागलं. एप्रिल-मेमध्ये सामानसुमान बांधून भारतात परतणारे बरेच जण बिल येण्याआधीच विमानात बसतात. काहींना ठाऊक नसतं, काहींना असतं. जाण्याआधी वॉर्डात कर-प्रतिनिधी नेमता येतो, मित्राचं नाव द्या, पैसे ठेवून जा. स्टेशनसमोरच्या त्या उमेदवाराला आपल्यातलाच कुणीतरी उदाहरण पुरवतोय, हे मला सहन होत नाही.

आणखी एक. 2019 मध्ये आपल्या एदोगावात योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभेवर निवडून आले तेव्हा आपण पेढे वाटले. त्यांना सहा हजारांहून अधिक मतं होती. ती कुणाची होती? नागरिकत्व न घेतलेल्या आपल्यापैकी एकालाही मत नव्हतं. मराठी नावाच्या माणसाला निवडून देणारे ते जवळपास सगळे जपानी मतदार होते. तेच लोक आजही इथेच राहतात. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या जपानी संस्थांनी याच आठवड्यात एकत्र येऊन या द्वेषाच्या प्रचाराविरुद्ध निवेदन काढलं. ते आपल्यासाठी बोलत असताना आपण कुर्दांवरचे विनोद पुढे पाठवत बसलो, तर त्यांनी कुणाच्या जोरावर बोलावं?

तेव्हा या नऊ दिवसांत करण्यासारखं जे आहे ते सांगतो. परदेशी नागरिकाने राजकीय देणगी देणं इथे कायद्याने चालत नाही, त्या वाटेला जाऊ नका. पण भाषण ऐकायला, संपल्यावर पुढे जाऊन प्रश्न विचारायला कुणाची आडकाठी नाही. जपानी मोडकं असलं तरी चालेल. "मी या वॉर्डात राहतो, कर भरतो, माझ्या मुलांबद्दल तुमच्या पक्षाचं म्हणणं काय?" एवढं विचारा, एलडीपीला विचारा, रिक्केनला, म्हणजे नोदांच्या पक्षाला, विचारा, सान्सेइतोलाही विचारा. समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलणं माईकवरून बोलण्यापेक्षा अवघड असतं. ग्रुपवर एखाद्या जमातीबद्दल क्लिप आली तर ती कुठची, कधीची, एवढं विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका. मतदानाच्या दिवशी कुठल्याही पक्षाचा प्रचार करणारी पोस्ट टाकू नका, त्या दिवशी प्रचाराला बंदी असते आणि ती ऑनलाइनही लागू आहे.

आणि ज्यांनी जपानी नागरिकत्व घेतलंय, भारतीय पासपोर्ट परत करण्याचं दुःख गिळून घेतलंय, किंवा ज्यांचा नवरा, बायको, अठरा पूर्ण झालेली मुलं जपानी नागरिक आहेत, त्यांना हात जोडून विनंती. 19 ते 21 जुलै सलग तीन दिवस सुट्टी आहे, सोमवारी समुद्र दिन. हाकोने-निक्कोची बुकिंग्ज झालेली असतील. गेल्या खेपेला, 2022 मध्ये, देशभरात मतदान 52 टक्क्यांवरच थांबलं होतं. तुम्ही जाणार असाल तर 19 तारखेपर्यंत कधीही वॉर्डाच्या मुदतपूर्व मतदान केंद्रावर जाऊन मत देता येतं. पोस्टाने आलेलं कार्ड न्या, हरवलं असेल तरी ओळख पटवून देतात. मतपत्रिकेवर नाव पेन्सिलीने हाताने लिहायचं असतं, कांजी जमत नसेल तर हिरागाना चालते. मतपत्रिका दोन मिळतील, पहिली तोक्योच्या उमेदवारासाठी, दुसरी देशव्यापी यादीतल्या उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या नावासाठी. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्हा बाकीच्यांना तो अधिकार नाही, म्हणून तुमच्याकडे मागतोय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एदोगावातला एक मराठी रहिवासी